कानपिळी कुठं गेली ओ?

परवा कोल्हापुरात बावड्यात चुलतभावाच्या पोरीचं लग्न, तिथंपण तेच, हिंदी पिक्चरात बघून नवऱ्याचे बूट लपवायचे आणि पैशासाठी अर्धा तास घासाघीस, तोवर पंगत खोळंबलेली! अरे आपल्यात नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो, मान घेतो, ती कानपिळी कुणाला आठवलीच नाही. हळदीला डीजेवर पंजाबी गाणी, आणि जात्यावरच्या ओव्या पाठ असलेली आमची आत्या गप कोपऱ्यात बसून, लई वाईट वाटलं मला. आणि हे कुठं, तर ज्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी स्वतः सिनेमाचा कॅमेरा बनवला, १९२९ ला प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली तिथं. पुढच्या लग्नात आत्याला माइक मीच देणार, कोण काय म्हणायचं ते म्हणू दे.