यंदा नक्की

गॅरेज आवरताना जुन्या कालनिर्णयांचा गठ्ठा सापडला आणि माझी शंभरी भरली.

रद्दीत जाण्याच्याच लायकीचे होते ते. पण २००२ पासूनच्या जवळजवळ प्रत्येक कालनिर्णयावर, एप्रिलच्या पानामागे जिथे कोरी जागा मिळेल तिथे, निळ्या शाईत माझं हस्ताक्षर आहे. खाली तारीख आणि सही. मी सिअ‍ॅटल मरिनर्स या बेसबॉल संघाचा चाहता. हंगाम सुरू झाला की संघाचं वर्षभराचं भविष्य त्या पानामागे लिहून ठेवायचं, हा माझा कुळाचार. शेजारी राशिभविष्य छापलेलं असतं, म्हणजे जागाही योग्यच.

लेक नाताळच्या सुट्टीत घरी आली होती. तिने सगळ्यात वरचं पान उचललं. रविवारच्या मराठी शाळेत हिने तिच्याकडून वाचन घोटून घेतलंय. त्या शाळेची फी मी भरली होती.

"गेल्या वर्षी ११६," लेक मोठ्याने वाचू लागली. "यंदा १२०. वर्ल्ड सिरीज नक्की. बाबा, नक्कीच्या खाली दोन रेघा मारल्यात तुम्ही."

आता हे वेडेपणाचं वाटेल, पण २००१ साली मी सिअ‍ॅटलजवळच्या रेडमंडला नवीन होतो. बेसबॉलमध्ये एका हंगामात १६२ सामने असतात हे ऐकूनच मला धाप लागली होती. त्यातले ११६ मरिनर्सनी जिंकले. असा पराक्रम त्याआधी फक्त शिकागो कब्जनी केला होता, तोही १९०६ साली. जपानहून इचिरो सुझुकी नावाचा सडपातळ माणूस आला आणि पहिल्याच वर्षी २४२ हिट्स मारून गेला. ऑक्टोबरातल्या बाद फेरीत यांकीजनी आम्हाला वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे अंतिम लढतीच्या, दारातून बाहेर काढलं, पण मी म्हटलं ठीक आहे, पुढच्या वर्षी. लेक त्याच नोव्हेंबरात जन्मली. ती चालू लागली, बोलू लागली, शाळेत गेली, गाडी शिकली, कॉलेजला गेली, तरी संघ काही पुन्हा ऑक्टोबरात खेळेना. साडेसाती साडेसात वर्षांची असते म्हणतात. आमच्या बहुधा पाठोपाठ लागल्या होत्या.

२००८ च्या पानावर पुडाच्या वडीची कृती आहे. कोथिंबीर निवडून, धुऊन, कोरडी करून घ्यावी, इथपर्यंत छापील मजकूर सुखरूप आहे. पुढे तळणीच्या ओळींवरून माझं पेन फिरलंय: 'बेडार्ड आला. आता बघाच!'

"त्या वर्षी मी ही वडी करायला घेतली होती," ही म्हणाली. "'मंद आचेवर बेडार्ड आला' असं वाचलं आणि नाद सोडला."

एरिक बेडार्ड हा बॉल्टिमोरचा डावखुरा पिचर, म्हणजे गोलंदाज. त्याच्यासाठी आम्ही पाच खेळाडू मोजले, त्यातला अ‍ॅडम जोन्स तिकडे जाऊन पाच वेळा ऑल-स्टार झाला. आणि आम्ही त्या वर्षी १०१ सामने हरलो. खेळाडूंच्या पगारावर १० कोटी डॉलरपेक्षा जास्त खर्चून शंभरावर सामने हरणारा पहिला संघ म्हणून नाव झालं. 'बघाच' हे मात्र शब्दशः खरं ठरलं, कारण मी सगळे बघितले.

२०१० चं भविष्य तर तीनच शब्दांचं: 'ली आहे. संपलं.' क्लिफ ली हा त्या काळातला मोठा पिचर. जुलैत आम्ही तो टेक्ससला देऊन टाकला आणि ऑक्टोबरात टेक्सस वर्ल्ड सिरीज खेळलं. आम्ही १६२ सामन्यांत मिळून ५१३ धावा केल्या, म्हणजे सामन्याला धड सव्वातीनसुद्धा नाहीत. हरलो पुन्हा १०१. निदान सातत्य म्हणून तरी कौतुक व्हावं. पुढची काही पानं लेकीने भराभर उलटली. अक्षर बारीक होत गेलं होतं, आणि एका वर्षी नुसतंच 'बघू' होतं.

२०१७ च्या पानापाशी ती थांबली. 'यंदा वर्ल्ड सिरीज. गेले तर नाकतोडे खाईन.'

याला थोडा खुलासा हवा. त्या वर्षी आमच्या स्टेडियममध्ये मेक्सिकन पद्धतीचे भाजलेले नाकतोडे विकायला ठेवले. लिंबू, तिखट वगैरे लावून. लोकांनी रांगा लावल्या, पहिले काही सामने तर ते पुरलेच नाहीत. मी संकष्टी पाळणारा माणूस, अंड्याचा केक खाताना इकडेतिकडे बघणारा. पण नवस बोलायचा तर अवघड बोलावा. शिवाय खरं सांगू का, आतून कुठेतरी खात्री होती की ही वेळ काही येत नाही. मेजर लीगच्या तीस संघांत वर्ल्ड सिरीजची पायरी कधीच न चढलेला एकमेव संघ आमचा. इतका सुरक्षित नवस पंढरपूरला जाऊनही मिळाला नसता.

एप्रिल २०२२ चं पान मात्र वेगळं निघालं. 'या वर्षी मी काहीही लिहिणार नाही.' खाली सही.

आणि नेमके त्याच वर्षी ते बाद फेरीत गेले! ३० सप्टेंबरच्या रात्री, नववी इनिंग, दोन आउट, आणि कॅल रॅली नावाच्या कॅचरने बॅटने चेंडू उजव्या बाजूच्या प्रेक्षकांत भिरकावला. मी सोफ्यावर चढलो. लेकीचा कॉलेजातून फोन आला, "बाबा, रडताय का?" पुढे ह्युस्टनशी तिसरा सामना घरच्या मैदानावर होता, नेमके त्याच दुपारी आमच्याकडे पाहुणे. ते आले, जेवले, चहा झाला, गप्पा संपल्या, पुन्हा भुका लागल्या म्हणून हिने खिचडी टाकली, तरी स्कोअर आपला शून्य-शून्यच. सहा तास बावीस मिनिटं चाललेला तो सामना आम्ही अठराव्या इनिंगला एका धावेने हरलो आणि हंगाम संपला. पाहुण्यांना अजून वाटतं की बेसबॉलचे सगळेच सामने एवढे चालतात. ते पुन्हा आलेले नाहीत.

पण हिने त्यातून एक सिद्धान्त काढला: तुम्ही लिहिता म्हणून ते हरतात. मी हसलो. २०२३ मध्ये लिहिलं, एका सामन्याने हुकलं. २०२४ मध्ये लिहिलं, पुन्हा एकाच सामन्याने हुकलं. त्याच सुमारास आमच्या संघाच्या कारभाऱ्यांनी जाहीरपणे सांगितलं होतं की दहा वर्षांच्या काळात ५४ टक्के सामने जिंकत राहिलं की संघ बहुतेक वर्ल्ड सिरीजला पोचतोच. अमेरिकन चाहते भयंकर चिडले. मला मात्र हुंदका आवरेना. ५४ टक्के मिळवून 'पुढे बघू' म्हणणारी माणसं मी दहावीच्या निकालाच्या दिवशी जवळून पाहिली आहेत. त्यातला एक मीच.

एप्रिल २०२५ चं पान कोरं आहे. पेन हिने लपवलं होतं.

तुम्हीच ठरवा आता. रॅलीने त्या हंगामात ६० होम रन मारले. सप्टेंबरात कुण्या चाहत्याने ऑनलाइन पैसे भरून एका चेटकिणीकडून संघासाठी मंत्र घातला, आणि संघ ओळीने १० सामने जिंकला. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "पैसे कशाला भरायचे रे? घरात मीठ-मोहऱ्या नव्हत्या का त्याच्या?" २००१ नंतर पहिल्यांदाच आम्ही आमच्या गटात पहिले आलो, डेट्रॉइटला पंधरा इनिंगपर्यंत झुंजवून हरवलं, आणि टोरोंटोशी सातव्या सामन्याला जाऊन पोचलो. जिंकलो की थेट वर्ल्ड सिरीज.

सामना २० ऑक्टोबरला होता. आमच्याकडे त्याच संध्याकाळी लक्ष्मीपूजन.

पाट मांडला, चोपड्यांच्या जागी लॅपटॉप ठेवला, त्याला हळदकुंकू वाहिलं. टॅब्लेटवर तिकडून आई. लाह्या-बत्ताशांच्या वाटीला टेकवून माझा फोन, आवाज बंद. हिने तो पाहिला होता, पण सणाच्या दिवशी नको म्हणून गप्प होती. आम्ही ३-१ ने पुढे. सातवी इनिंग. मी आरती म्हणत होतो, पण तबक फोनभोवतीच फिरत होतं.

"काय रे, जिंकताय का?" आईने टॅब्लेटमधून विचारलं.

"आठ आउट राहिलेत आई," मी म्हणालो. वीस-बावीस वर्षांची सवय, तोंडातून निघून गेलं. "यंदा नक्की."

हिने हातातली घंटा थांबवली.

"म्हणजे तू ते किडे खाणार?" आई म्हणाली. "लक्ष्मीपूजनाला?"

एवढ्यात जॉर्ज स्प्रिंगरने मारलेला चेंडू डाव्या बाजूला उंच गेला आणि परत आलाच नाही. बेसवर दोघे होते. तीन धावा, ४-३. पुढे काहीच घडलं नाही. मी बत्तासा तोंडात टाकला आणि तो विरघळेपर्यंत कुणीही माझ्याकडे बघितलं नाही.

तर हे सगळं गॅरेजमध्ये मोठ्याने वाचून झालं. गठ्ठा रद्दीच्या खोक्यात गेला. २००८ चं पान तेवढं हिने काढून घेतलं, वडीसाठी.

गेल्या आठवड्यात पुण्याहून आलेल्या मित्राने २०२६ चं कालनिर्णय आणलं. ते भिंतीवर टांगताना मी सहज, अगदी सहज, पुढची पानं चाळली. लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. वर्ल्ड सिरीज तोवर आटोपलेली असते. म्हणजे या वर्षी मधे कसलाही अडथळा नाही.

मी स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये हात घातला.

"काय शोधताय?" हिने विचारलं.

"पेन. वाणसामानाची यादी करावी म्हणतो."

"सांगा," ही म्हणाली आणि पदराआडून पेन काढलं. "मी लिहून घेते."

"धणे," मी म्हणालो.