लग्नानंतर नाव बदललं नाही म्हणून बायकोचा हक्क जात नाही

लग्नसराई आली की कुटुंबाच्या ग्रुपवर एक मजकूर हमखास फिरतो. त्याचा सारांश असा: लग्नानंतर सहा महिन्यांत बायकोनं नवऱ्याचं नाव-आडनाव लावलं नाही, तर त्याच्या मालमत्तेवर आणि पेन्शनवर तिचा हक्क राहत नाही. विवाह नोंदणी झाली की नाव आपोआप बदलतं. माहेरच्या नावानं पासपोर्ट मिळत नाही. मुलांना आईचं आडनाव लावता येत नाही. यातली एकही गोष्ट खरी नाही. तरीही हा मजकूर वाचून घाबरलेल्या मुली लग्नानंतर लगेच कागदपत्रं बदलायला धावतात, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी ती सहा महिन्यांची मुदत. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात किंवा १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात बायकोनं नाव बदलावं असं एकही कलम नाही. मग मुदत कुठून येणार? आपल्याकडे तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहितात. तो घरचा विधी आहे, हौसेनं जरूर करा, पण त्यानं आधारवरचं नाव बदलत नाही.

सगळ्यात घातक दावा मालमत्तेचा. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानुसार नवरा मृत्युपत्र न करता गेला, तर त्याची विधवा पहिल्या वर्गातली वारस असते, मुलं आणि सासू यांच्या बरोबरीची. हा हक्क नात्यातून येतो. बाकीच्या धर्मीयांचे वारसाहक्काचे नियम वेगळे आहेत, पण आडनावावर ते कुणाचेच ठरत नाहीत. कुटुंब निवृत्तिवेतनाचंही तेच: तिथे लग्नाचा पुरावा लागतो. म्हणून खरी घाई करायची असेल तर विवाह नोंदणीची करा.

याच दाव्याची दुसरी बाजू माहेरी ऐकवली जाते. ‘आता तुझं आडनाव वेगळं, इथल्या जमिनीत तुझं काय?’ महाराष्ट्रानं १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत सहदायिक, म्हणजे मुलांसारखंच जन्मानं वाटेकरी केलं, पुढे २००५ च्या दुरुस्तीनं तो हक्क देशभर दिला. हा हक्क जन्मानं मिळतो आणि त्यासाठी २००५ मध्ये वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. बहिणीचं आडनाव बदललेलं असो वा नसो, हक्कसोडपत्रावर तिची सही मागावी लागते ती तिचा हक्क आहे म्हणूनच.

आता ‘आपोआप’बद्दल. विवाह नोंदणीचा दाखला कुणाचं कुणाशी लग्न झालं एवढंच सांगतो. नाव बदलायचं असेल तर तो पुरावा म्हणून जोडून आधार, पॅन, बँक असं प्रत्येक ठिकाणी वेगळा अर्ज करावा लागतो. पहिलं नावही बदललं असेल, तर महाराष्ट्र शासन राजपत्रात नावबदलाची सूचना छापून घेतलेली बरी, तिच्याशिवाय बरीच कामं अडतात. पण राजपत्रात आलं म्हणजे सरकारनं सगळं तपासलं असंही नाही. मजकूर अर्जदाराच्या माहितीवर आधारलेला आहे, त्याच्या सत्यतेची जबाबदारी शासनाची नाही, अशी सूचना राजपत्रातच असते.

माझ्या मते खरी अडचण नाव न बदलण्यात नाही, अर्धवट बदलण्यात आहे. आधारवर सासरचं नाव, पॅनवर माहेरचं, पासबुकात तिसरंच स्पेलिंग. भविष्य निर्वाह निधीचा दावा आणि पॅन-आधार जोडणी इथेच अडकते. त्यात आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, त्यामुळे घाईत केलेला बदल महागात पडतो. एक तर जन्मनाव सगळीकडे तसंच ठेवा, नाहीतर चालू कागदपत्रांवर सगळीकडे बदला. दहावीची गुणपत्रिका आणि पदवी मात्र जुन्या नावानंच राहू द्या, दोन्ही नावं एकाच व्यक्तीची हे विवाहाचा दाखला किंवा राजपत्र दाखवून सिद्ध होतं.

पासपोर्ट माहेरच्या नावानं मिळतो आणि चालतो. डिसेंबर २०१६ पासून तर अर्जासोबत विवाहाचा दाखला जोडण्याची सक्तीही नाही.

मुलांच्या आडनावाबाबत सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२२ मध्ये, पतीच्या मृत्यूनंतर पुनर्विवाह केलेल्या एका आईच्या खटल्यात, मुलाचं आडनाव ठरवण्याचा तिचा अधिकार मान्य केला. महाराष्ट्र मंत्रिमंडळानं मार्च २०२४ मध्ये शासकीय कागदपत्रांत मुलाच्या नावानंतर आईचं नाव लावणं बंधनकारक केलं, तेव्हाच विवाहितेला लग्नाआधीच्या नावानं मालमत्तेची नोंद करण्याची मुभाही दिली.

घटस्फोटानंतरही नाव आपोआप माहेरचं होत नाही. तेव्हा न्यायालयाचा हुकूमनामा जोडून पुन्हा तेच सगळे अर्ज करावे लागतात, म्हणून त्याच्या दोन-तीन प्रमाणित प्रती आधीच काढून ठेवा.