डोंगराला पायऱ्या आहेत म्हणून मराठवाड्यात समुद्र होता होय?

आठवडा झाला, एक मेसेज फिरायलाय. आधी मामांनी घरच्या ग्रुपवर टाकला, मग तोच शाळेच्या ग्रुपवर आला अन् काल तर गल्लीतल्या गणेश मंडळाच्या ग्रुपवर पण दिसला. थोडक्यात असाय, की मराठवाडा म्हणजे समुद्राचा तळ, अजिंठा-दौलताबादच्या डोंगरांच्या पायऱ्या लाटांनी कापल्यात, वेरूळच्या लेण्या मुळात लाटांनी पाडलेल्या गुहा, शेतात गोल गोटे, शिंपले अन् चुनखडी सापडते, लोणारचं पाणी खारट, अजून काय पुरावा पाहिजे. खाली 'लपवलेलं सत्य' अन् हात जोडलेले.

मामा, राग नका मानू, पण एकेक करून बघू.

पायऱ्यांपासूनच सुरू करतो, कारण सगळा मेसेज त्याच्यावरच उभाय. लाट खडक कापते कशी? लाट कड्यावर आपटली की भेगांमधली हवा दाबली जाते, लाट मागं हटली की ती हवा झटक्यात सुटते, असं दिवसरात्र चालू राहिलं की भेगा ढिल्या होतात अन् दगड निखळायला लागतात. निखळलेले दगड लाटच उचलते अन् परत त्याच कड्यावर घासते. म्हणजे हत्यार पण कड्याचंच अन् मार पण कड्यालाच. पण हे सगळं होतं कुठं, तर भरती-ओहोटीच्या पट्ट्यात. तिथं कड्याच्या पायथ्याला आडवी खाच पडते, खाच खोल गेली की वरचा भाग लोंबकळतो, मग एक दिवस कोसळतो, ढिगारा लाटा हळूहळू वाहून नेतात, परत खाच. कडा असा मागं मागं सरकत जातो अन् पुढं उरतो तो समुद्राकडं किंचित उतरता सपाट खडक. तो रुंद झाला की लाटेचा जोर त्याच्यावरच मरतो अन् कडा कापायचा वेग पण कमी होतो.

खोटं वाटलं तर ओहोटीच्या वेळी हरिहरेश्वरला जाऊन या. प्रदक्षिणेची वाट जिथं कड्याखालून जाते तिथं खाचा, सपाट खडक, सगळं पायाखाली दिसतं. अन् गंमत म्हणजे तिथला काळा दगड अन् आपला काळा दगड एकच, दोन्हीकडं बेसाल्ट, म्हणजे लाव्हा थंड होऊन झालेला खडक. म्हणजे तुलना करायला कुणाची हरकत नसावी.

तर मुद्दा असा की लाट एका वेळी एकाच उंचीवर काम करते. एक पाणपातळी, एक पायरी. डोंगराला दहा पायऱ्या पाहिजे असतील तर जमिनीनं किंवा समुद्रानं दहा वेळा वरखाली होऊन प्रत्येक ठिकाणी बराच काळ थांबायला पाहिजे. असं होतच नाही असं नाही, कॅलिफोर्नियात पालोस व्हर्डेसच्या टेकड्यांवर अशा १३ पायऱ्या आहेत, जमीन वर उचलत गेली म्हणून. पण तिथं त्या पायऱ्यांवर समुद्री शिंपले अन् किनाऱ्याचे गोटे पडलेले सापडतात. आपल्या पायऱ्यांवर काय सापडतं? मुरूम, कुसळं अन् शेळ्या.

मग आपल्या पायऱ्या आल्या कुठून? हे विहीर खांदणाऱ्या माणसाला विचारा, तो पुस्तक न वाचता सांगेल. वर काळी माती, मग मुरूम, मग कधी काळा पाषाण लागतो, त्याला सुरुंगाशिवाय इलाज नसतो, मग मांजऱ्या लागतो, भोकाभोकाचा, पांढऱ्या ठिपक्यांचा, मऊ, मधेच कुठं तांबड्या गेरूसारखा पट्टा, अन् खाली परत काळा पाषाण. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्हा एकदाच नाही आला, थरावर थर येत गेले. प्रत्येक थराचा वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी भोकाळ, आतला भाग घट्ट. दोन थरांच्या मधे वेळ गेला तिथं वरचा दगड कुजून तांबडा पट्टा झाला. आता हे सगळं ऊनपावसात सोडा. मऊ मांजऱ्या झिजून उताराचा होतो, घट्ट पाषाण उभा राहतो. उतार, कडा, उतार, कडा, झाली पायरी. या खडकाला 'ट्रॅप' म्हणतात तो शब्दच मुळात स्वीडिश भाषेतल्या पायरीवरून आलाय. अन् डोंगराच्या दोन्ही बाजूंना, आतल्या प्रत्येक नाल्याच्या काठाला त्याच पायऱ्या दिसतात, लाट काय एवढ्या घळीघळीत घुसून बसली होती?

दौलताबादचं तर सोडाच. किल्ल्याभोवतीचा तो सरळसोट कडा माणसांनी तासलाय, शत्रू चढू नये म्हणून. त्याचं श्रेय पण समुद्राला द्यायचं म्हणजे छिन्नी चालवणाऱ्यांवर अन्यायच की.

उंचीचा हिशोब पण करून बघा. संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर. आज जगातलं सगळं बर्फ वितळलं तरी समुद्र चढणार साधारण ६५-७० मीटर. मामा म्हणतील जमीन वर उचलली असेल. ठीकाय, पण मग खाली समुद्राच्या तळाचा जाडजूड गाळ तरी सापडायला पाहिजे. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला खोल बोअर घेतलं होतं, त्यात ३०० मीटरच्या वर बेसाल्टच बेसाल्ट, त्याखाली एक पातळ थर गाळाचा अन् लगेच जुनापुराणा ग्रॅनाइटच्या जातीचा खडक. समुद्राचा तळ असा नसतो.

लेण्यांचं ऐकून मात्र खरंच डोकं फिरलं. समुद्री गुहा कमकुवत भेग धरून आत जाते, तोंडाशी मोठी, आत निमुळती होत जाते, अन् पुढं दोन्हीकडून खोदत गेली तर आरपार कमान होते, कमान पडली की समुद्रात एकटा सुळका उरतो. कैलास लेणं बघा, ते वरून खाली कोरलंय, आधी कळस मग पाया, आठव्या शतकात राष्ट्रकूटांच्या काळात. कोणती लाट वरून खाली कोरते? अजिंठ्याचं २४ नंबरचं लेणं अर्धवट राहिलंय, तिथं दगड कसा पोखरत नेलाय ते उघडं दिसतं. अन् अजिंठ्याचा तो नालाकृती कडा वाघूर नदीनं कापलाय, समुद्राचा त्यात काडीचा हात नाही.

गोटे, शिंपले, चुनखडी पटकन उरकतो. गोटा नदीत पण गोल होतो अन् समुद्रात पण, नुसत्या गोट्याला विचारून कळत नाही. शेतातल्या गारगोट्या तर मांजऱ्याच्या भोकांमधेच तयार झालेल्या असतात, दगड कुजला की त्या मोकळ्या होतात. गोदावरीच्या काठच्या जुन्या गाळातले शिंपले गोड्या पाण्यातले, आजही नदीत तसलेच दिसतात. चुनखडीचे खडे कोरड्या हवेत मातीतलं पाणी उडून गेलं की मागं राहतात.

लोणार आपल्या मराठवाड्यात नाहीच, बुलढाण्यात आहे, पण असू द्या. ते उल्केच्या आघातानं पडलेलं साधारण १.८ किलोमीटर रुंदीचं विवर, पाणी आत येतं, बाहेर जायला वाट नाही, ऊन पाणी उडवतं अन् क्षार मागं राहतात. त्यातला सोडाखार एवढा की ते पाणी समुद्रापेक्षा कितीतरी जास्त अल्कधर्मी आहे.

एक गोष्ट मात्र मान्य करतो, मेसेजवाल्याला शंभर टक्के खोटं पाडायचं नाही मला. लाव्हा यायच्या आधी, डायनासोरांच्या काळात, समुद्राचा एक फाटा नर्मदेच्या खोऱ्यात घुसला होता, मध्य प्रदेशात बाग नावाच्या गावाच्या आसपास त्याचे खरेखुरे समुद्री जीवाश्म सापडतात. पण आपले डोंगर त्याच्यानंतरच्या लाव्हाचे. जो डोंगर तेव्हा जन्मलाच नव्हता त्याला तो समुद्र कापणार कसा?

अन् मामा, लाटांनी कापलेल्या पायऱ्या मराठवाड्यात बघायच्याच असतील तर त्या आहेत, फक्त ६.६ कोटी नाही, ५० वर्षांच्या. जायकवाडीच्या फुगवट्याला या. धरण १९७६ ला झालं, पाणी एवढं पसरलेलं की वाऱ्याला मोकळं मैदान, अन् जेवढ्या लांबवर वारा पाण्यावरून धावतो तेवढी लाट मोठी होते. म्हणून तर धरणाच्या पाण्याकडच्या अंगाला दगडी पिचिंग केलंय. आमच्या बाजूला पिचिंग नाही, तिथं लाटा काळ्या मातीचा काठ सरळ उभा कापतात, हात-दोन हात उंच, खालून पोखरायचं अन् वरून ढेकूळ पडायचं, हरिहरेश्वरला दगडात होतं तेच इथं मातीत. हिवाळ्यापासून पाणी उतरायला लागतं, जिथं थोडे दिवस थांबतं तिथं एक रेघ, परत उतरतं, परत रेघ. मे महिन्यात गाळपेरं, म्हणजे पाणी उतरलेल्या गाळात घेतलेलं पीक, काढून झालं की काठावर उभं राहून खाली बघायचं, जिन्यासारख्या दिसतात, अन् प्रत्येकीवर गेल्या पावसाळ्यात वाहून आलेल्या काड्या, शंख अन् एखादी तुटकी चप्पल अडकलेली असते. जेवायला घरी या, मग सोबत जाऊ.