आजोबांच्या टाटा-मर्सिडीज ट्रकच्या रिव्ह्यूला गॅरेजकडून उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू वाचला, दोनदा वाचला. एक स्टार दिलाय आणि लिहिलंय की चार आठवडे सांगून गाडी साडेचार महिने ठेवली, ३८ हजार सांगून ७१,५०० चं बिल केलं, हीटर (गार इंजिन चालू करण्याआधी सिलेंडर तापवणारे प्लग) आणि लाईट करायला दिले होते तर अख्खं वायरिंग उपसून काढलं, डॅशखाली काळ्या प्लास्टिकच्या पाइपा दिसतात म्हणून आजोबांच्या गाडीचा जुना लूक गेला, आणि फोन कोणी उचलत नाही. एकेकाचं उत्तर देतो.

उशीर आणि फोन, ही चूक माझी. गाडी गणपती झाल्यावर आली तेव्हा उद्यमनगरात कामं कमी होती म्हणून चार आठवडे म्हणालो. दिवाळीनंतर ऊस सुरू झाला, रोज कारखान्याला खेपा करणाऱ्या गाड्या दारात उभ्या राहायला लागल्या, त्यांचा एक दिवस बुडला तर ड्रायव्हरचा पगार बुडतो म्हणून त्या पुढं घेतल्या आणि तुमची गाडी पाच आठवडे शेडच्या मागं ताडपत्रीखाली गेली. हे तुम्हाला फोन करून सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं, आणि तुमचा फोन आला की काय सांगू म्हणून उचललाही नाही. माफी मागतो.

पण वायरिंग उगाच काढलं हे मला मान्य नाही.

तुमचं म्हणणं, गावात ट्रॅक्टरनं ओढल्यावर गाडी चालू झाली होती म्हणजे वायरिंग ठीक होतं. साहेब, हे जुनं डिझेल इंजिन आहे, पंप मेकॅनिकल, एकदा फिरलं की त्याला करंटच लागत नाही, बंद करायला सुद्धा स्टॉपची केबल ओढावी लागते. बॅटरी काढून बाजूला ठेवली तरी ते चालत राहील. त्यामुळं इंजिन चालू झालं यावरून वायरिंगचं काहीच कळत नाही. इंजिन खरंच दणकट निघालं, डिझेल फवारणारे नोझल कॅलिब्रेट केले, टाकीतला गंज काढला, डिझेलच्या पाइपातली एअर काढली, बास.

आता हीटर. नाकावर तीन टोकांचा तारा आहे म्हणजे गाडी १९६९ च्या आधीची, टेल्को (टाटांची ट्रक बनवणारी कंपनी) आणि डेमलर-बेंझचा (मर्सिडीजवाल्यांचा) करार १९५४ ते १९६९ होता तेव्हाची. तुमच्या गाडीतलं इंजिन ओएम ३१२, सहा सिलेंडर. त्याचे सहा हीटर एकापाठोपाठ एक, सिरीजमध्ये जोडलेले असतात, जुन्या दिवाळीच्या माळेसारखे, एक गेला की सगळे गेले. आधी कोणीतरी (कोण ते मला माहीत नाही आणि नाव घ्यायचंही नाही) तिसरा हीटर जळाल्यावर त्याच्यावरून सरळ वायरचा तुकडा टाकून पुढं जोडला होता. मग उरलेल्या पाचांवर जास्त व्होल्ट जातात, ते जास्त तापतात आणि लवकर जळतात. त्यातले आणखी दोन गेलेलेच होते. त्या दोन खांबांचे जुन्या पद्धतीचे हीटर दुकानात मिळत नाहीत, एक सेट पुण्याच्या जुन्या बाजारात मिळाला, तीन रविवार गेले त्यात.

हीटर बसवले, बॅटरी जोडली आणि दोन मिनिटांत केबिनमध्ये वास आला. डॅश उघडला. मूळ वायर रबराच्या, वर कापडी वेणी. रबर इतकं कडक झालेलं की बोटानं वाकवलं की बिस्किटासारखं तुटून पडायचं आणि आत उघडी तांब्याची तार. चौदा ठिकाणी पीळ मारून टेप गुंडाळलेले जॉइंट, लग (वायरच्या टोकाला दाबून बसवायचा धातूचा तुकडा) एकाला नाही. केबिनच्या पत्र्यातून वायर इंजिनकडं जाते तिथलं रबर बुश गेलेलं, वायर पत्र्यावर घासून चपटी झालेली आणि तिथून वीतभर अंतरावर डिझेलचा पाइप. कट-आउटचे (बॅटरी चार्ज करणारा डायनॅमो थांबला की त्याला बॅटरीपासून तोडणारा स्विच) पॉइंट चिकटलेले, म्हणजे इंजिन बंद असतानाही बॅटरी उलटी डायनॅमोत रिकामी होत राहणार आणि त्या वायर तापत राहणार. या गाडीत तुम्ही मुलांना बसवून जत्रेला जाणार आहात हे तुम्हीच मला सांगितलं होतं. मी नुसते हीटर आणि लाईट करून ती गाडी देऊ शकत नव्हतो, आजही देणार नाही.

म्हणून सगळी वायर नवीन, प्रत्येक टोकाला दाबलेला लग, प्रत्येक सर्किटला वेगळा फ्यूज, हेडलाईटला रिले म्हणजे सगळा करंट त्या जुन्या स्विचमधून जाणार नाही, चेसीचा रंग खरवडून अर्थिंग, आणि बॅटरीजवळ मेन स्विच. डायनॅमो मूळचाच ठेवला, अल्टरनेटर टाकणं मला सोपं आणि स्वस्त पडलं असतं पण ती गाडी तशी राहायला पाहिजे असं तुमच्याइतकंच मलाही वाटतं.

काम वाढलं तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकले होते, तुम्ही "करा" म्हणालात, पण वाढीव आकडा मी लिहून दिला नाही, तिथं तुमचा राग बरोबर आहे. आणि बिल परत तपासलं, लाईट बसवायची ४,५०० मजुरी वायरिंगच्या मजुरीत आधीच धरलेली आहे, ती दोनदा लागली. तेवढे पैसे उद्या परत करतो. काळ्या पाइपांचं पण पटलं, डॅशखाली जिथं नजर जाते तिथं कापडी वेणीची स्लीव्ह घालून देतो, एक दिवसाचं काम आहे, पैसे घेणार नाही. जुनं वायरिंग फेकलेलं नाही, पोत्यात भरून तुमच्या गाडीचा नंबर लिहून ठेवलंय, येऊन स्वतः वाकवून बघा.

तोपर्यंत एक सांभाळा. सकाळी गार गाडीला हीटर ओढला की डॅशवरच्या जाळीतली तार (ती हीटरच्याच माळेत जोडलेली असते) हळूहळू लाल होते, ती चांगली लाल झाल्यावरच सेल्फ मारा. तार लालच झाली नाही तर माळ कुठंतरी तुटलीय. आणि ओढल्या ओढल्या एकदम पांढरी झाली तर हीटर लगेच सोडा, मेन स्विच बंद करा आणि मला फोन करा. आता फोन मीच उचलतो.