आई पाठ करून बसते : एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, नमस्कार.

मागच्या लेखात मी लिहिलं होतं, की कोल्हापुरातल्या पेठेपेठेतल्या तालमींनी आठवड्यातला एक तास दिव्यांगांच्या खेळासाठी द्यावा. त्यावर तुम्ही कळकळीनं लिहिलंत. दहा वर्षं लाल मातीत घालवलेल्या माणसाचं म्हणणं वरवर उडवून लावता येत नाही. तुमचे मुद्दे थोडक्यात असे : तालमी पैलवान आणि फुटबॉलवाले घडवायला आहेत, जागा आधीच अपुरी आहे. दिव्यांगांना आधी पेन्शन, नोकरी, औषधपाणी द्या; खेळ ही चैन. त्यांच्यासाठी वेगळ्या संस्था आहेतच. आणि असले उपक्रम फोटोपुरते असतात.

शेवटचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. ३ डिसेंबरच्या, जागतिक दिव्यांग दिनाच्या अशाच एका कार्यक्रमात माझ्या धाकट्या भावाला शाल, नारळ आणि स्टेजवर पंधरा मिनिटं मिळाली. खेळ झालाच नाही. येताना रिक्षात तो एक शब्द बोलला नाही. तेव्हापासून मी म्हणतोय, दिवस नको, वार द्या. दर आठवड्याचा ठरलेला वार.

आता चैनीबद्दल. भाऊ एकतीस वर्षांचा आहे. त्याला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळं हालचालींवर ताबा राहत नाही; हातात वस्तू धरून ठेवता येत नाही. लहानपणी मी त्याला पाठुंगळी घेऊन शाहू स्टेडियमच्या पायऱ्या चढायचो. पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळाची फुटबॉल मॅच असली की आदल्या रात्रीपासून त्याला झोप नसायची. कुठल्या साली कुणी गोल मारला, हे पेठेतली मोठी माणसं त्याला विचारतात. पण तो कायम बघणाराच. घरी कॅरम मांडला की आम्ही सगळे मुद्दाम हरायचो, आणि ते त्याला कळायचं.

गेल्या वर्षी आम्ही पेठेतल्या तालमीत बोशिया हा दिव्यांगांचा खेळ सुरू केला. पॅरालिम्पिकमध्ये हा खेळ १९८४ पासून आहे. एक पांढरा चेंडू आधी टाकायचा, मग प्रत्येक बाजूनं सहा-सहा चेंडू त्याच्या जास्तीत जास्त जवळ नेऊन ठेवायचे, एकाचे लाल, दुसऱ्याचे निळे. ज्याला चेंडू फेकता येत नाही, तो उतरत्या पन्हळीवरून सोडतो. आमची पन्हळ म्हणजे उभा चिरलेला प्लॅस्टिकचा पाईप, आणि चेंडू वाळू भरून शिवलेले. पन्हळ हलवायला मदतनीस चालतो, पण नियम असा, की त्यानं मैदानाकडं पाठ करून बसायचं. मागं वळून बघायचं नाही, काही सुचवायचं नाही. खेळाडू सांगेल तेवढंच करायचं.

भावाची मदतनीस आई. एकतीस वर्षं त्याला भरवणारी, त्याच्या वतीनं बोलणारी, दवाखान्यात त्याची उत्तरं देणारी आई मैदानाकडं पाठ करून बसली, आणि हा तिला सांगत होता, "डावीकडं. अजून. थांब. वर." त्याचे शब्द जड येतात, बाहेरच्या माणसाला पटकन समजत नाहीत. पण त्या तासात काय करायचं ते तो ठरवत होता, आणि पुढं काय झालं ते आईला त्यानंच सांगायचं होतं. पहिला डाव तो २-५ असा हरला. दोन दिवस कुणाशी धड बोलला नाही. दादा, समोर व्हीलचेअरवर बसलेला कॉलेजचा पोरगा हा त्याला हरू देणारा पहिला माणूस होता.

याला चैन म्हणवत नाही मला. पेन्शन आधी, हे तुमचं म्हणणं खोटं नाही. पण संजय गांधी निराधार योजनेचे कागद कुठं द्यायचे, युडीआयडी कार्डाची, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राची, तपासणी कधी असते, हे आम्हाला त्या पोराच्या आईनं तालमीच्या कट्ट्यावर बसून सांगितलं. इतकी वर्षं आम्ही एकटेच धावत होतो. आणि औषधपाण्याचं म्हणाल, तर सांगली जिल्ह्यातल्या पेठ गावचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्यावर उपचार म्हणून पोहायला लागले होते. १९७२ मध्ये हायडेलबर्गला त्यांनी देशाला पॅरालिम्पिकचं पहिलं सुवर्ण दिलं. भावाला पदक नको आहे. पण घरी जो व्यायाम करायला तो वर्षानुवर्षं कुरकुर करायचा, तो आता शनिवारी आपणहून मागतो.

जागेचा प्रश्न खरा आहे. पण तालीम भरते पहाटे आणि संध्याकाळी. साडेदहाला हॉलला कुलूप असतं, आणि आम्हाला तेवढाच वेळ हवा होता. वस्तादांना विचारायला गेलो तेव्हा मला भीती होती. ते म्हणाले, "येऊ देत की पोरं. तालीम काय कुणी इकत घेतलीया व्हय?" उंबरा अर्ध्या फुटाचा होता. उताराला एकास बारा हे प्रमाण लागतं, म्हणून सहा फुटांची फळी करून घेतली. एवढाच खर्च. पैलवानांचंही काही अडलं नाही. मातीचं म्हणाल तर ऐकू न येणाऱ्या मल्लाला कुस्तीत काय अडतं? हरियाणाचे कर्णबधिर मल्ल वीरेंद्र सिंह ऐकणाऱ्या मल्लांशी कुस्त्या लढले, आणि २००५, २०१३ आणि २०१७ च्या डेफलिंपिक्समध्ये, म्हणजे कर्णबधिरांच्या ऑलिंपिकमध्ये, सुवर्ण घेऊन आले.

संस्थांबद्दल मला आदरच आहे. नसीमा हुरजूक यांनी स्वतः चाकाच्या खुर्चीत बसून १९८४ मध्ये कोल्हापुरात हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड उभी केली. ते काम नसतं तर या जिल्ह्यातल्या कितीतरी मुलांना शाळा दिसली नसती. पण संस्था आहे म्हणून पेठेनं हात झटकायचे का? भावाचे मित्र, त्याचं फुटबॉलचं वेड, त्याची भांडणं सगळी पेठेतच आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ३० मध्ये खेळात सहभागाची तरतूद करणं ही सरकारची जबाबदारी म्हटलीय. ते होईल तेव्हा होईल. तालमीची किल्ली मात्र आपल्याच माणसाकडं आहे.

तुम्ही विचारलंत, येतात किती? सात जण. पावसाळ्यात चारच उरले होते, रस्त्यातल्या पाण्यातून खुर्च्या येत नाहीत. चौघांवरही आम्ही तास घेतला.

एक अडचण आहे, ती तुम्हालाच सांगतो. आमच्याकडं रेफरी नाही. जो उभा राहतो तो कुणाचा तरी भाऊ किंवा काका असतो, आणि आई हळूच मागं वळून बघते तेव्हा कुणाच्यानं शिट्टी वाजवली जात नाही. कुस्तीला पंचगिरी केलीय असं तुम्ही लिहिलंत. रविवारी साडेदहाला याल का?