गप्पीदास

सोसायटीच्या मीटिंगमध्ये टाळी वाजवू नये. हे कळायला मला आयुष्याची अठ्ठावन्न वर्षं लागली.

ऑगस्टमधला रविवार, सकाळचे साडेदहा, पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या. आठवड्याभरात सोसायटीतल्या तिघांना डेंग्यू झाला होता आणि चौथीतल्या पोरांनासुद्धा एकमेकांचे प्लेटलेट तोंडपाठ झाले होते. सेक्रेटरी म्हणाले, "डासांची जबाबदारी कुणीतरी स्वतःहून पुढे येऊन घ्यायला हवी." नेमका तेव्हाच माझ्या नाकासमोरून एक डास गेला. मी तो दोन्ही हातांनी टिपायला गेलो. खणखणीत आवाज झाला. डास निसटला, मी सापडलो.

"वा! टाळ्या!" सेक्रेटरी म्हणाले. मग सगळ्यांनीच वाजवल्या.

औषध फवारायचं नाही, सगळं नैसर्गिक मार्गानं करायचं, असंही तिथेच ठरलं. मागच्या धूरफवारणीत एका आजींचा दमा उसळला होता, हे एक कारण. नैसर्गिक मार्गाला वर्गणी लागत नाही अशी समजूत, हे खरं कारण. लगेच प्रत्येकानं आपापला निसर्ग बाहेर काढला. कुणी लिंबात लवंगा टोचून आणल्या, कुणी कापूर, कुणी गवती चहाच्या कुंड्या. एका संध्याकाळी पार्किंगमध्ये कडुनिंबाच्या पाल्याची धुनी पेटवली. वॉचमन खोकत गेटबाहेर गेला, माझ्याकडे आलेले पाहुणे जिन्यातूनच परतले. डास लिफ्टच्या डक्टमध्ये जाऊन बसले आणि धूर विरल्यावर शिस्तीत खाली आले.

मग मी वाचायला बसलो. डासाबद्दल माझं ज्ञान तोवर दोन तळव्यांपुरतंच होतं. डेंग्यूचा एडिस दिवसा चावतो, सकाळी आणि संध्याकाळच्या आधी जास्त. काळा, पायांवर पांढरे पट्टे. चावते ती फक्त मादी, हे मी घरात मोठ्यानं वाचलं नाही. तिला गटार चालत नाही, स्वच्छ साठलेलं पाणीच लागतं. थोडक्यात, सोवळ्यातली बाई. अंड्यापासून डास व्हायला सात ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करायची आणि कोरडा दिवस पाळायचा. 'ड्राय डे'वर जो विनोद व्हायचा तो तिसऱ्या मजल्यावरच्यांनी केला, सेक्रेटरी हसले, विषय संपला.

पण नुसतं पाणी ओतून भागत नाही. ती अंडी घालते पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या भिंतीला. काजळीच्या कणांएवढी असतात, आणि कोरडी राहूनही महिनोन्‌महिने टिकतात. पाणी लागलं की पुन्हा कामाला लागतात. म्हणून काथ्यानं खरवडून घासायचं. सोळा बिऱ्हाडांना हे पटवायला मी बॅटरी आणि काथ्या घेऊन निघालो. दार उघडणाऱ्या प्रत्येकानं आधी काथ्याकडे पाहिलं आणि मग "आमची भांडी झालीत हो" म्हणून सांगितलं.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या दारात पितळी घंगाळ आहे. लखलखीत, वर गुलाबाच्या पाकळ्या.

"इथे कुठले डास? मी रोज फुलं बदलते," काकू म्हणाल्या.

"आणि पाणी?"

"पाणी कशाला? स्वच्छच तर आहे."

मी पाकळ्या बाजूला सारून बॅटरी मारली. पाण्याला खालून टाचण्या लटकवल्यासारख्या अळ्या उलट्या लोंबकळत होत्या, शेपटीची नळी तेवढी वर, श्वासाला. उजेड पडताच सगळ्या वळवळत तळाला गेल्या. काकू वाकून पाहत राहिल्या. "अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या, "आणि मी रोज उदबत्ती दाखवतेय."

तळमजल्यावरच्या आजोबांचं प्रकरण अवघड होतं. त्यांच्या खिडकीत चिमण्यांसाठी मातीचं परळ. मी ते उपडं केलं तर ते गॅलरीतून ओरडले, "अहो, पाखरांच्या तोंडचं पाणी पळवता?" वाक्प्रचार इतका जागच्या जागी बसलेला मी कधी ऐकला नव्हता. भांडायचं राहूनच गेलं.

पुढच्या घरी टंचाईच्या धास्तीनं भरलेले दोन पिंप, त्याच्या पुढे नातवाच्या झोक्यासाठी जपलेला टायर, वर गच्चीत हौसेनं लावलेल्या कुंड्यांच्या ताटल्या. तिसऱ्या मजल्यापर्यंत माझी खात्री पटली की हा डास आपल्या घाणीवर जगत नाही, सद्‌गुणांवर जगतो. भूतदया, काटकसर, सौंदर्यदृष्टी, सगळ्यांत त्याच्या अळ्या. आळशी माणसाच्या रिकाम्या बाल्कनीत मला एकही सापडली नाही. आमच्या स्वतःच्या घराची तपासणी बायकोनं होऊ दिली नाही, कारण घर आवरलेलं नव्हतं.

सासुरवाडी नांदेडची, त्यामुळे मेहुण्याचा फोन आलाच. "दाजी, तुमच्या पुण्यात नुसत्या मीटिंगा. आमच्याकडं हिमायतनगर तालुक्यातलं टेंभुर्णी बघा की. घरोघर शोषखड्डे. भोकं पाडलेली सिमेंटची टाकी पुरायची, भवती दगडगोटे. सांडपाणी जमिनीत, गटार गायब, डास गायब!" मी म्हटलं, अरे, तो गटारातला क्युलेक्स, हत्तीरोगवाला, आमचा स्वच्छ पाण्यातला आहे. "डासातबी पुणेरी का?" म्हणाला आणि हसत बसला. खरं सांगायचं तर मला त्या गावाचा हेवा वाटला. अख्खं गाव एका खड्ड्यावर एकमत झालं. आमच्याकडे पार्किंगच्या पट्ट्यांवर होत नाही.

राहिलं कारंजं. बिल्डरच्या माहितीपत्रकात ते उंच उडतं. प्रत्यक्षात वास्तुशांतीला पाच मिनिटं उडालं आणि नंतर पावसाचं पाणी धरून बसलं. तिथे गप्पी मासे सोडायचे ठरलं. मनपाच्या हिवताप विभागात ते फुकट मिळाले. एक मासा दिवसाला शंभरेक अळ्या खातो, असं तिथल्या माणसानं सांगितलं. स्कूटरवर बायको मागे, तिच्या मांडीवर पाण्याची पिशवी, पिशवीत चाळीस गप्पी. प्रत्येक स्पीडब्रेकरला ती मला आणि माशांना वेगवेगळ्या आवाजात धीर देत होती.

या माशाचं नाव त्रिनिदादच्या रॉबर्ट गप्पी नावाच्या गृहस्थावरून पडलं, असं मी भेटेल त्याला सांगत सुटलो. त्यामुळे माझं नाव पडलं गप्पीदास.

पंधरा दिवसांत कारंज्यात एक अळी दिसेना. महिन्याभरात चाळिसाचे दीडशे झाले, कारण गप्पी अंडी घालत नाही, थेट पिल्लंच देते आणि सवड अशी घेत नाही. मग पोरं बिस्किटं टाकू लागली. काकू पोळीचा चुरा टाकू लागल्या. घंगाळाचं प्रायश्चित्त असावं. मासे गुटगुटीत झाले. एका सकाळी मी पाहिलं, एक अळी एका गप्पीच्या नाकासमोरून वळवळत गेली आणि त्यानं जेवणानंतरच्या माणसासारखं तोंड फिरवलं. अन्न टाकू नये अशी पाटी लावली. जास्तीचे मासे मुठेत सोडू, असं एकानं सुचवलं. तेही थांबवलं, कारण नदीतल्या देशी माशांची पिल्लं ते फस्त करतात.

आणि मग खंड्या आला. निळाशार. कारंज्याच्या गंजक्या नळीवर बसायचा, सूर मारायचा, गप्पी चोचीत. परळ गेल्यापासून अबोला धरलेले आजोबा खुर्ची टाकून बघत बसू लागले. काकूंना ते बघवेना.

काल पुन्हा मीटिंग होती. विषय एकच: कारंज्यावर जाळी बसवावी का. काकूंची बाजू माशांची, आजोबांची पक्ष्याची. शेवटी सेक्रेटरी म्हणाले, "खंड्या समितीची जबाबदारी कुणीतरी स्वतःहून..."

माझ्या मनगटावर एक डास येऊन बसला. काळा, पायांवर पांढरे पट्टे. मी त्याच्याकडे बघत राहिलो आणि दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट धरून ठेवले.