पाठीला न विचारता सॅक कशी निवडावी

अनेक दिवसांच्या पदभ्रमंतीसाठी आणि हिवाळ्यातल्या स्कीइंगसाठी सॅक घेताना पुष्कळ लोक आपण कुठे, किती दिवस आणि कोणत्या ऋतूत जाणार आहोत याचा आधी विचार करतात. असा विचार करणारा मनुष्य पाठीला नीट बसणारी, रंगाने मळखाऊ अशी एखादी सॅक उचलून अर्ध्या तासात दुकानाबाहेर पडतो आणि खरेदीचा सगळा आनंद घालवून बसतो. आपण तसे करू नये. आधी सॅक घ्यावी. तिला साजेसा ट्रेक नंतर शोधता येतो.

सॅकची थोरवी लिटरमध्ये मोजतात, हे आपल्याला ठाऊक असेलच. सह्याद्रीत दोन मुक्कामांसाठी ४० ते ५० लिटर पुरतात आणि तंबू, स्लीपिंग बॅग आयोजक देणार असतील तर केदारकंठ्यासारख्या पाच-सहा दिवसांच्या हिमालयातल्या ट्रेकलाही ५०-६० लिटरच्या वर जावे लागत नाही, असे जुने भटके सांगतात. त्यांना सांगू द्यावे. आपण ७५ लिटरची घ्यावी, कारण मोठ्या सॅकमधली जागा कधीही रिकामी राहत नाही. निघण्याच्या आदल्या रात्री घरातले प्रत्येक माणूस तिच्यात एकदा डोकावते आणि मग चिवड्याचा स्टीलचा डबा, शेंगदाण्याच्या चटणीची बरणी, जाड टॉवेल आणि ‘असू दे, लागली तर’ या सदरातली दुसरी जीन्स आपापल्या जागी जाऊन बसतात. पाठीवरचे ओझे शरीराच्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शात असावे, असा एक संकेत आहे. त्या हिशेबाने ६५ किलोच्या माणसाला १३ किलो मिळतात. त्यातले दोन-अडीच किलो तर एवढी मोठी सॅक रिकामी असतानाच खाते. उरलेल्या गणिताकडे फार लक्ष देऊ नये. दोन मुक्कामांत वजन कमी होत नसते, हिशेब मात्र चुकतो.

आता मापाविषयी. मान पुढे झुकवली की मानेच्या मुळाशी एक मणका बोटाला ठळक लागतो. तिथपासून कमरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या वरच्या कडा जोडणाऱ्या रेषेपर्यंतचे, पाठीच्या वळणावरून टेपने घेतलेले अंतर म्हणजे सॅकसाठी लागणारे पाठीचे माप. हे माप उंचीवरून ठरत नाही. सहा फुटी माणसाची पाठ आखूड आणि पाय लांब असू शकतात, तर त्याच्या खांद्याला लागणाऱ्या मित्राला त्याच्याहून मोठ्या मापाची सॅक लागू शकते. असली माहिती मिळाली की निर्णय घेणे उगीचच सोपे होते. त्यापेक्षा भर चौकातल्या दुकानात दोन माणसे मागे उभी असताना स्वतःची पाठ टेपने मोजून घेण्याचा संकोच आपण जपावा आणि ऑनलाइन सवलतीत जे माप शिल्लक असेल तेच आपले समजावे. दुकानातच गेलात आणि एखादा जाणता विक्रेता सॅकमध्ये आठ-दहा किलोच्या वजनाच्या पिशव्या टाकून ‘दहा मिनिटे फिरून बघा’ असे म्हणाला, तर नम्रपणे नकार द्यावा. रिकामी सॅक सर्वांनाच छान बसते, आरशातही तीच बरी दिसते.

कमरपट्ट्याबाबत तर मुळीच तडजोड करू नये. तो मोकळाच लोंबत ठेवावा. वास्तविक भरलेल्या सॅकचा बहुतांश भार कमरेच्या हाडांवर जावा यासाठीच तो जाडजूड पट्टा शिवलेला असतो. खांद्यांचे पट्टे सैल करावेत, कमरपट्टा पोटावर न बांधता हाडांच्या कडेवर बसवून आवळावा, मग खांद्यांचे पट्टे जेमतेम ताणावेत, खांद्याच्या वरून सॅकच्या माथ्याकडे जाणारे दोन लहान पट्टे ओढून ओझे पाठीशी आणावे आणि छातीचा पट्टा शेवटी लावावा, असा तो क्रम आहे. कुणी एवढे केलेच, तर मानेतली कळ एकदम नाहीशी होते आणि संध्याकाळी मुक्कामावर सांगायला काही उरत नाही. मोकळ्या पट्ट्याचे फायदे मात्र अनेक आहेत. कसारा लोकलमधून उतरताना त्याचे बकल कुणाच्या तरी पिशवीच्या बंदात अडकते आणि नवी ओळख होते. हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेवर, दोन्ही हात खडकात गुंतलेले असताना, सॅक मागून एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे ओढते. तेवढ्यापुरता निसर्गाशी संवाद घडतो.

भरण्याचे शास्त्र थोडक्यात उरकतो. स्लीपिंग बॅग तळाशी, जड वस्तू पाठीला चिकटून मध्यभागी आणि लगेच लागणाऱ्या वस्तू वर, हे सगळे जण जाणतात, म्हणूनच ते आपण करू नये. पाण्याच्या दोन लिटरच्या बाटल्या एकाच बाजूच्या खिशात घालाव्यात, मग तिन्ही दिवस एका अंगाने झुकून चालता येते. मॅट, टिनचा मग आणि चपलांचा जोड बाहेर लटकवावेत. कारवीच्या रानातून जाताना त्यांच्यामुळे आपण कुठवर आलो ते मागच्यांना कळत राहते. पावसाळ्यात सॅकच्या आत मोठी जाड प्लास्टिकची पिशवी घालून तिच्यात कपडे भरण्याची जुनी रीत आहे, पण फोटोत ती दिसत नाही. झगझगीत रंगाचे रेनकव्हर दिसते. पाठीवरून ओघळणारे पाणी त्या कव्हरच्या आतल्या बाजूने सॅकमध्ये उतरते आणि धारेवरचा वारा ते कव्हरच दरीत नेतो, या किरकोळ बाबी आहेत.

गुलमर्ग किंवा औलीला स्कीइंगला निघताना हीच सॅक न्यावी. पैसे एकदाच खर्च केले आहेत. स्कीसाठीच्या सॅक दिवसभराच्या फेरीकरिता २०-३० लिटरच्या, अंगाला घट्ट आणि पाठीकडून गुळगुळीत असतात. आपल्या उन्हाळी सॅकच्या पाठीला हवा खेळावी म्हणून ताणलेली जाळी असते, तिच्यात बर्फ जाऊन गच्च बसतो. तो वितळला की पाठ ओली होते आणि गोठला की सॅक दोन बोटे मागे सरकते. वळण घेताना तोल जाण्यासाठी एवढे पुरते. चेअरलिफ्टवर बसताना सॅक काढून मांडीवर घ्यायची नसते. लोंबते पट्टे खुर्चीत अडकून उतरण्याच्या ठिकाणी जो गोंधळ उडतो, तो पाहायला रांगेतले लोक ताटकळत उभे असतात. बकल आणि झिपच्या ओढण्या जाड हातमोजे घालून उघडतात की नाही, हे घरी मुळीच तपासू नये. पाणी पिण्याची नळी असलेली पिशवी आवर्जून न्यावी. उणे १० अंशांत पाणी आधी त्या नळीत गोठते आणि मग आपण पाठीवर दोन लिटर पाणी घेऊन तहानलेले फिरू शकतो.

गुलमर्गच्या गंडोलाचा, म्हणजे रोपवेचा, दुसरा टप्पा अफरवत डोंगराच्या अंगावर ३,९०० मीटरच्या वर नेऊन सोडतो. तिथून आखलेली वाट सोडून खाली येणाऱ्यांनी बीकन (गाडलेल्याचा ठाव सांगणारे रेडिओयंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधण्याची लांब काठी) आणि फावडे बाळगावे, असा आग्रह धरतात. हिमस्खलनात गाडलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर निघाला तर वाचण्याची शक्यता बरीच असते आणि पुढे ती झपाट्याने घसरते. म्हणूनच प्रोब आणि फावड्यासाठी स्की-सॅकला वेगळा, एका ओढीत उघडणारा कप्पा ठेवलेला असतो आणि बीकन सॅकमध्ये न ठेवता अंगावर बांधतात, कारण बर्फाचा लोंढा सॅक कुठेही नेऊ शकतो. पण आपल्या ७५ लिटरमध्ये फावड्यालाही जागा आहे, चिवड्याच्या डब्याखाली. ते लागेल तेव्हा आधी चिवडा काढावा, मग चटणी, मग टॉवेल. खाली मदतीची वाट पाहणारा सोबती समजूतदार असावा, एवढीच अट आहे.

एवढे करूनही ओझे जड वाटलेच, तर उत्तराखंडातल्या बहुतेक ट्रेकवर रोजच्या दराने सॅक खेचराच्या पाठीवर देण्याची सोय असते. केदारकंठ्याचा ट्रेक जिथून सुरू होतो त्या सांकरी गावात पहिल्याच सकाळी ती घ्यावी. खेचरवाला दोन्ही बाजूंचा भार हाताने उचलून, तोलून, दोरी एका बाजूने आवळून मगच निघतो. जनावराच्या पाठीला काय सोसेल, हे त्याला पाहावेच लागते. आपण मागून लहान पिशवी घेऊन निघावे आणि शिखराच्या सकाळी पाच मिनिटांपुरती सॅक मागवता येईल का, याची चौकशी मात्र आदल्या रात्रीच करून ठेवावी.